हातात धरायचा छोटा व्हॅक्यूम क्लीनर : बॅटरी बदलून घ्यावी की नवा आणावा?

सोनचाफा :
नमस्कार. आमच्याकडे, इंदूरच्या राजेंद्रनगरात, हातात धरून चालवण्याचा एक छोटा बिनतारी व्हॅक्यूम क्लीनर आहे. अलीकडे पूर्ण चार्ज करूनही तो दोन-तीन मिनिटांत मान टाकतो; घेतला तेव्हा जवळजवळ पाव तास चालत असे. वॉरंटी संपली आहे. जिथून घेतला त्या दुकानदारांनी बॅटरी वेगळी मिळत नाही, नवाच घ्या, असे सांगितले. एका दुरुस्तीवाल्यांनी यंत्र न उघडताच सातशे-आठशे रुपये लागतील असा अंदाज दिला. असाच नवा क्लीनर आज सोळाशेच्या आसपास मिळतो.

प्रश्न केवळ पैशांचा असता तर घरातच मिटला असता. हे यंत्र मुख्यतः माझ्या सासूबाई वापरतात. गुडघ्यांमुळे त्यांना वाकून केरसुणी फिरवता येत नाही, पण देवघरासमोर पसरलेली रांगोळी, सोफ्याच्या फटींत गेलेले शेवेचे कण आणि झोपाळ्याच्या गादीवरची धूळ ही कामे त्यांना स्वतःच करायची असतात, आणि ती त्यांच्याकडून काढून घ्यावीत असे आम्हाला कोणालाही वाटत नाही. जुना क्लीनर वजनाला हलका आहे. दुकानात पाहिलेले नवे त्यांना मनगटाला जड वाटले, आणि त्यांपैकी काहींचे बटण सतत दाबून धरावे लागते. म्हणून जुनाच दुरुस्त व्हावा असा माझा कल आहे, परंतु तो शहाणपणाचा आहे का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. मागच्या पट्टीवर ७.४ व्होल्ट, ६० वॅट आणि २००० एमएएच असे लिहिलेले आहे.

रोहित्र :
सोनचाफाताई, पट्टीवरचे आकडे दिलेत हे फार चांगले केलेत. मी आयुष्यभर विजेच्या कार्यशाळेत काम केले आहे, आणि अशा लहान यंत्रांविषयी माझा एकच आग्रह असतो : दुरुस्ती की नवे, हा प्रश्न बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्यानंतरच विचारावा. "लवकर बंद पडतो" या एका तक्रारीमागे निदान चार कारणे असू शकतात, आणि त्यांपैकी एक तर पूर्ण फुकटात दूर होणारे असते.

ते म्हणजे फिल्टर. रांगोळीची पूड, उदबत्तीची राख आणि पीठ हे तीन पदार्थ फिल्टरची छिद्रे सर्वांत वेगाने बुजवतात. यंत्राची मोटर जी हवा ओढते, तीच हवा पुष्कळदा मोटरला थंडही ठेवते. ती हवा अडली की मोटर तापते, आणि आत उष्णतेमुळे वीज तोडणारा कटआउट असेल तर यंत्र आपोआप बंद पडते. हे कानानेही ओळखता येते. हवा अडलेली असताना पंख्यावरचा भार कमी होतो, मोटर नेहमीपेक्षा वेगाने फिरते आणि आवाज बारीक व चढा होतो. याउलट बॅटरी अशक्त झालेली असेल तर आवाज सुरुवातीपासूनच दबलेला येतो आणि उतरत जातो.

दुसरी खूण बंद पडल्यानंतरची आहे. मिनिटभर थांबून पुन्हा बटण दाबल्यावर यंत्र काही सेकंद चालून परत बंद पडत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत आहे, आणि हे दुसरे कारण. भार निघाल्यावर सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडा सावरतो आणि भार येताच पुन्हा कोसळतो. अंगाला हात लावून ते चांगलेच गरम लागत असेल आणि बराच वेळ निवल्याशिवाय सुरूच होत नसेल, तर फिल्टर आणि हवेचा मार्ग आधी पाहावा.

तिसरे कारण चार्जर. आपल्या यंत्रात ३.७ व्होल्टचे दोन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असणार, म्हणून ७.४. असा जोड पूर्ण भरला की ८.४ व्होल्ट दाखवतो. मल्टिमीटर असलेल्या कोणाकडूनही, चार्जरचा दिवा "पूर्ण" सांगत असताना, हा आकडा मोजून घ्यावा. तो बराच कमी निघाला तर चार्जर, त्याची वायर किंवा यंत्रातील जॅकचा सुटलेला टाका यांपैकी काहीतरी बिघडलेले असू शकते, आणि ते अगदी किरकोळ काम आहे.

चौथे कारण मोटर. जळका वास, ठिणग्या किंवा घासल्याचा खरखराट असेल तर मी दुरुस्तीचा सल्ला देणार नाही. या लहान डीसी मोटरमधले कार्बन ब्रश सहसा वेगळे बदलता येत नाहीत, आणि मोटरच बदलायची म्हटले तर दांड्यावर दाबून बसवलेला पंखा काढून पुन्हा समतोल बसवणे कठीण असते. तो जरासा तिरका बसला तरी यंत्र थरथरू लागते.

माळवी माती :
रोहित्रकाकांचे निदान मान्य करूनही मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. क्लीनर वापरणाऱ्या व्यक्ती वयस्क आहेत, आणि दुपारी त्या घरात एकट्याही असू शकतील. लिथियम सेलचा घरगुती जोड नीट झालेला नसेल तर तो चार्जिंगच्या वेळी पेटू शकतो, आणि अशी आग साध्या आगीसारखी सहज विझत नाही. चार पैसे वाचवण्यासाठी हा धोका का पत्करावा? कोणा अनोळखी दुरुस्तीवाल्यांनी आत काय बसवले हे आपल्याला दिसणार नाही. नव्या यंत्राला निदान वॉरंटी असते आणि बिल असते. हलका क्लीनर हवा असेल तर आणखी चार दुकाने फिरावीत, पण उघडलेली बॅटरी घरात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोरा कागद :
माळवी माती यांची काळजी रास्त आहे, परंतु हिशेबाची एक बाजू येथे सुटते आहे. आठशे रुपये विरुद्ध सोळाशे रुपये ही तुलना अपुरी आहे, कारण दोन्हींकडून मिळणारे आयुष्य किती, हे त्यात येत नाही. सर्वसाधारण लिथियम-आयन सेलची क्षमता तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी केल्यावर मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरते. रोज एकदा पूर्ण वापर होत असेल तर एक-दीड वर्षातच हा टप्पा येतो. म्हणजे नवे यंत्र घेतले तरी त्याच्या बॅटरीची हीच कथा होणार आहे, आणि तेव्हा हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल. शिवाय सेल न वापरताही जुने होत असतात. यंत्रात कोणते सेल बसवले आहेत आणि नवे यंत्र गोदामात किती काळ पडून होते, हे विकत घेणाऱ्याला बाहेरून कळत नाही. नवेपण खोक्याला असते, आतल्या बॅटरीला असेलच असे नाही.

म्हणून मी असे सुचवेन की, नवे घ्यायचे ठरलेच तर बॅटरी स्क्रू काढून बदलता येते का आणि फिल्टर वेगळा विकत मिळतो का, हे दोन प्रश्न दुकानातच विचारावेत. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, त्यावर अनेक कंपन्यांची सेवा केंद्रे आणि सुट्या भागांची माहिती एकत्र पाहता येते. वॉरंटी चालू असताना कोणी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ताईंच्या बाबतीत वॉरंटी संपलेली असल्यामुळे हा मार्ग आता उपयोगाचा नाही, पण पुढच्या खरेदीच्या वेळी ध्यानात असावा.

सोनचाफा :
आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. रोहित्रकाकांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही क्रमाने पाहिले. फिल्टरच्या घड्यांत रांगोळीचा पांढरा थर अक्षरशः लिंपल्यासारखा बसला होता. तो आधी कोरडा झटकून, मग धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून परत बसवला. ओढण्याची ताकद स्पष्टपणे वाढली आणि सासूबाईंनी ती लगेच ओळखली. चालण्याचा वेळ मात्र फारसा वाढला नाही.

नंतर माझ्या दिरांनी मल्टिमीटरने मोजले. पूर्ण चार्ज झाल्यावर बॅटरी ८.३ व्होल्टच्या वर दाखवते, म्हणजे चार्जर बरा असावा. यंत्र चालू केले की आकडा झपाट्याने खाली येतो. चारही स्क्रू काढून पाहिले असता दोन गोल सेल आणि एक लहान हिरवी पट्टी दिसली. दोन्ही सेल वेगवेगळे मोजले तर, यंत्र बंद पडताच, एक ३.६ व्होल्टवर आणि दुसरा त्यापेक्षा पुष्कळ खाली असतो. मोटरला वास नाही, आवाज स्वच्छ आहे. आता माळवी माती यांच्या शंकेचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये असे मला वाटते, कारण ती शंका सासूबाईंच्या सुरक्षिततेची आहे.

विश्वामित्री :
मी वडोदऱ्याहून लिहीत आहे. लिथियम बॅटऱ्यांचे जोड तयार करण्याचे काम मी जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. आपल्या मोजमापावरून एक सेल थकला आहे हे जवळपास निश्चित दिसते. एकापुढे एक जोडलेल्या सेलमध्ये सर्वांत अशक्त सेल जेव्हा संपतो तेव्हा सगळाच जोड थांबतो. ती हिरवी पट्टी म्हणजे संरक्षक सर्किट आहे, आणि ती सेल फार खोलवर रिकामे होऊ नयेत म्हणून वीज तोडते. ती आपले काम बरोबर करते आहे.

अशा वेळी एकच सेल बदलण्याचा मोह होतो, तो टाळावा. नवा आणि जुना सेल एकत्र बसवले तर जुना कायम आधी संपतो आणि आधीच भरतो, आणि नवाही लवकर खराब होतो. दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, एकाच वेळी घेतलेले असावेत, आणि जोडण्यापूर्वी दोघांचा व्होल्टेज समान आहे हे मोजून पाहावे.

खरी मेख पुढे आहे. साठ वॅटला ७.४ ने भागले की सुमारे आठ अँपिअर प्रवाह येतो. बॅटरीची क्षमता दोन हजार एमएएच, म्हणजे दोन अँपिअर-तास. आठच्या वेगाने ओढले तर पाव तासात संपणार. ताईंनी पहिल्या दिवसांत पाव तास चालत असे लिहिले आहे, तो आकडा यात तंतोतंत बसतो, म्हणजे मूळ सेल तरी प्रामाणिक होते. परंतु बाजारात सर्वांत सहज मिळणारे १८६५० मापाचे सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे, पॉवर बँकसाठी बनवलेले असतात. त्यांच्यातून एवढा प्रवाह सतत ओढणे त्यांना सोसत नाही. ते तापतात, दाब कोसळतो, आणि यंत्र पुन्हा दोन मिनिटांत बंद पडते. मग लोक म्हणतात की दुरुस्ती टिकत नाही. दुकानात सेल मागताना क्षमतेचा आकडा शेवटी विचारावा. सतत किती अँपिअर देतो, हे आधी विचारावे, आणि दहा किंवा त्याहून अधिक असेल तरच घ्यावा.

काही सेलवर ६००० किंवा ९९०० एमएएच छापलेले दिसते. या मापाच्या सेलची खरी क्षमता साधारण ३५०० च्या आसपास संपते, त्यामुळे असा आकडा दिसताच सेल परत ठेवावा. चांगला सेल तराजूवर पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. नकली पुष्कळदा बराच हलका असतो. माझ्या माहितीत चांगल्या प्रतीचा सेल तीनशे-चारशेच्या घरात मिळतो, म्हणून आपल्याला सांगितलेला सातशे-आठशेचा अंदाज अवाजवी वाटत नाही. मात्र त्याहून फार स्वस्तात कोणी करून देत असेल तर सेल कोणता घातला, हे जरूर पाहावे.

जोडण्याच्या पद्धतीविषयीही सांगतो. सेलच्या टोकांवर थेट सोल्डरिंग करू नये, कारण त्या उष्णतेने आतील पडदा आणि सील बिघडू शकते. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने क्षणभरात चिकटवतात, तीच योग्य रीत आहे. साध्या मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्यांकडे हे यंत्र बहुधा नसते. ई-रिक्षा किंवा विजेच्या स्कूटरच्या लिथियम बॅटऱ्या जुळवणाऱ्यांकडे मात्र असते, आणि ते दोन सेलचे काम काही मिनिटांत करून देतात.

रोहित्र :
विश्वामित्री यांनी लिहिलेले शब्दन् शब्द बरोबर आहे. त्यात एक धोक्याची सूचना जोडतो, कारण हा धागा इतरही वाचतील. यंत्राच्या पट्टीवर ७.४ ऐवजी ७.२ किंवा ९.६ व्होल्ट असेल, तर सेल मोजून पाहावेत. ७.२ दोन्ही प्रकारांत आढळते, पण जुन्या यंत्रांत ते १.२ व्होल्टचे निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइड सेल असण्याची शक्यता मोठी असते. त्यांच्या जागी लिथियम सेल बसवून जुनाच चार्जर वापरणे हे अत्यंत धोक्याचे आहे. तसला साधा चार्जर भरल्यानंतरही प्रवाह थांबवत नाही, आणि लिथियम सेलला ते मुळीच चालत नाही.

माळवी माती यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. संरक्षक सर्किट जागेवर असेल, दोन्ही सेल जुळे व जास्त प्रवाहाचे असतील, मूळ चार्जरच ठेवला असेल आणि जोड स्पॉट वेल्डिंगने केला असेल, तर ही बॅटरी मूळ बॅटरीपेक्षा अधिक धोक्याची ठरत नाही. यांपैकी एकही अट पाळली जाणार नसेल, तर मीही नवे यंत्र घ्या असेच सांगेन. आणखी एक : जे सेल बराच काळ पूर्ण रिकामे पडून राहिले आणि २.५ व्होल्टच्या खाली गेले, त्यांना दुसऱ्या चार्जरने "जागे" करून देणारे कारागीर भेटतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये तांबे विरघळून आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याची भीती असते, आणि ते पुढच्या चार्जिंगच्या वेळी घात करू शकते.

माळवी माती :
काकांनी घातलेल्या अटी मला पटतात. माझा विरोध डोळे मिटून केलेल्या दुरुस्तीला होता, आणि तो कायम आहे. एकच विनंती करतो, बॅटरी बदलल्यावर पहिले काही दिवस चार्जिंग कोणीतरी घरात जागे असताना, फरशीवर किंवा ओट्यावर ठेवून करावे. गादीवर, सोफ्यावर किंवा पडद्याजवळ कधीही नको.

सोनचाफा :
काम झाले, म्हणून सविस्तर कळवते. महाराणी रोडवर विजेच्या सामानाची इतकी दुकाने आहेत की पहिल्यांदा तिथेच चौकशी केली. दोन ठिकाणी पॉवर बँकचेच सेल दाखवले गेले. सतत किती अँपिअर, हा प्रश्न विचारल्यावर एका वयस्क दुकानदारांनी आपणहून सांगितले की यंत्रासाठी हे चालणार नाहीत, आणि स्कूटरच्या बॅटऱ्या करणाऱ्या एका कारागिरांकडे पाठवले. त्यांच्याकडे योग्य सेल होते. त्यांनी आमच्यासमोर दोन्ही सेल मोजले, जुनी हिरवी पट्टी तपासून तीच ठेवली, आणि पट्ट्या वेल्डिंगने जोडून वर इन्सुलेशनचा कागद गुंडाळला. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याच्या आसपास आला.

यंत्र आता पहिल्यासारखे चालते आणि फारसे तापत नाही. माळवी माती यांनी सांगितल्याप्रमाणे चार्जिंग ओट्यावर आणि आमच्यापैकी कोणी घरी असतानाच करतो. सासूबाईंनी स्वतःच एक बदल सुचवला आहे : देवासमोरची रांगोळी आधी मऊ कुंच्याने सुपलीत भरून घ्यायची आणि उरलेलीच यंत्राने ओढायची, म्हणजे फिल्टर लवकर भरणार नाही. उदबत्तीची राख त्या यंत्राने मुळीच ओढत नाहीत.

आता एक प्रश्न उरला आहे. जुने दोन सेल कारागिरांनी आम्हालाच परत दिले. त्यांचे काय करावे?

कोरा कागद :
ते सुक्या कचऱ्यात कदापि टाकू नयेत. आपल्या नगर निगमाच्या गाडीत कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतला जातो, आणि त्यात ई-कचऱ्याचा कप्पा स्वतंत्र आहे. दोन्ही सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, एका लहान प्लास्टिकच्या डबीत घालून, गाडीवरच्या माणसाला हातात देताना त्यात लिथियमचे सेल आहेत हे तोंडाने सांगावे. उघड्या टोकांचा सेल एखाद्या लोखंडी वस्तूला टेकला किंवा कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडला गेला तर गाडीतच आग लागू शकते, आणि त्याची झळ आपला कचरा उचलणाऱ्यांना बसते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून गोळा करणाऱ्यांच्या हाती देणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात अग्रभागी असलेल्या शहरात एवढे आपण सर्वांनी करावे, असे मला मनापासून वाटते.

विश्वामित्री :
सेलचे आयुष्य वाढवण्यासाठी एक सूचना करून थांबतो. इंदूर काय, वडोदरा काय, मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि उष्णतेत पूर्ण भरून ठेवलेला लिथियम सेल सर्वांत लवकर म्हातारा होतो. यंत्र महिनाभर वापरायचे नसेल तर निम्मे चार्ज करून आतल्या खोलीतील कपाटात ठेवावे. माळ्यावर, फ्रिजच्या डोक्यावर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. रोजच्या वापरातही ते अगदी बंद पडेपर्यंत चालवण्यापेक्षा आवाज उतरू लागताच थांबवून चार्जला लावावे, आणि काम करून तापलेले असेल तर आधी अर्धा तास निवू द्यावे.

सोनचाफा :
सूचना सासूबाईंना वाचून दाखवली. आजपासून यंत्राची जागा फ्रिजवरून देवघराशेजारच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात केली आहे, आणि सेल उद्याच्या गाडीत देण्यासाठी डबीत भरून ठेवले आहेत.